वाऱ्याची वाटणी



थंडी ओसरून फाल्गुन लागला की नाशिकच्या रस्त्यांवर रविवारी पहाटे सायकलवाल्यांचे घोळके दिसू लागतात. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी साडेपाचच्या सुमारास पंधरा-वीस जण जमतात. डोक्यावर हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. दूध आणायला निघालेली आपली माणसे त्यांच्याकडे पाहून हसतात आणि म्हणतात, 'पोट भरलेल्यांची हौस आहे, दुसरे काय!'

आपले हसणे चुकीचे म्हणता येणार नाही. आपल्या वडिलांनी, आजोबांनी सायकल मारली ती पोटासाठी. कॅरिअरला डबा, दांडीवर पोरगे, आणि सकाळच्या भोंग्याच्या आधी कारखान्याचे फाटक गाठायचे. हातात चार पैसे आले तशी मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली गंजत पडली. जिच्यापासून आपण सुटलो तीच वस्तू लोक हजारो रुपये मोजून घेतात आणि घाम गाळायला पहाटे उठतात, याचे नवल वाटणारच. तरीही आज आम्ही या खेळाविषयी लिहिणार आहोत. कारण आमच्या वस्तीतला एक मुलगा या खेळात उतरला आहे, आणि त्याच्यामुळे आम्हाला एक गोष्ट कळली जी सायकलपुरती नाही.

मुलाचे नाव देत नाही. 'काका, आधी शर्यत होऊ द्या, मग नाव लिहा,' असे त्याचे म्हणणे आहे आणि ते आम्हाला पटले. वय एकोणीस. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते, धाकटी बहीण नववीत. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर म्हणून पाळीत काम करतो. दिवाळीला जमवलेल्या पैशातून त्याने अकरा हजारांची जुनी रेसिंग सायकल घेतली. त्या दिवशी त्याची आई आम्हाला म्हणाली होती, 'भाऊ, एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं की हो!' तिचा हिशेब खोटा नव्हता.

येत्या १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी त्याची पहिली शर्यत आहे. ६० किलोमीटरची, खुल्या गटाची. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिला आठवडाही उरलेला नसेल.

या मुलाने जानेवारीत रविवारच्या घोळक्याबरोबर जायला सुरुवात केली. बरोबर म्हणजे काय, तर मागून. घोळका पुढे आणि हा वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवून एकटा. त्र्यंबकेश्वर नाशिकहून २८ किलोमीटर. महिरावणी, अंजनेरी करत जाताना रस्ता चढत जातो. घोळका गप्पा मारत चढ चढायचा आणि हा एकटा धापा टाकत मागे. परत आल्यावर पाय लाकडासारखे व्हायचे आणि तसाच दुपारच्या पाळीला कामावर जायचा. कुणी त्याला आत येऊ नको म्हटले नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक भाजीविक्रेता आहे, दोन बँकेतल्या बाई आहेत. त्याला कुणी जात विचारली नाही. पण त्यांच्या सायकली लाख-दोन लाखांच्या, बूट वेगळे, इंग्रजी-मराठी मिसळलेली भाषा. आपल्या सायकलची चेन कुरकुरते, पायात कॅनव्हासचे बूट, तेव्हा आपण मागेच बरे, असे त्याच्या मनाने घेतले होते.

आता यात तोटा काय, हे समजण्यासाठी थोडे वाऱ्याचे गणित पाहू.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने सायकल चालवणारा माणूस जो जोर लावतो, त्यातला बहुतेक जोर रस्त्यावर खर्च होत नाही. तो समोरची हवा कापण्यात जातो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून वेग वाढवणे प्रत्येक पावलाला महाग पडते. पण पुढे दुसरा सायकलवाला असेल आणि आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर ठेवले, तर हवा त्याने आधीच कापलेली असते. मागच्याला आडोसा मिळतो आणि त्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा जोर वाचतो. म्हणजे चार चपात्यांचे काम तीन चपात्यांत होते. मात्र हा आडोसा चाकाजवळच मिळतो. वीस मीटर मागे राहिलात तर घोळका असून नसल्यासारखा. तुमचा सगळा वारा तुम्हालाच खावा लागतो.

अर्थात पुढच्याने जन्मभर पुढेच राहावे असे नाही. तो मिनिट-दोन मिनिटे वारा अंगावर घेतो, मग एका बाजूला सरकतो, वेग थोडा कमी करतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन आडोशाला लागतो. दुसरा आपोआप पुढे आलेला असतो. अशी रांग फिरत राहते. दहा माणसे अशी चालली तर एकट्या माणसाला जो वेग अर्धा तासही टिकणार नाही तो ती दोन-तीन तास टिकवतात. सायकलच्या खेळाचे सारे मर्म या फिरत्या रांगेत आहे. एखाद्याचे पाय थकले असतील तर तो पुढे येऊन अर्ध्या मिनिटात बाजूला होतो. त्याला कुणी बोलत नाही. पण जो ताकद असून कधीच पुढे येत नाही, नुसता दुसऱ्याच्या आडोशावर जगतो, त्याला घोळक्यात मान नसतो.

घोळक्यात एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. वय पासष्टच्या पुढे. त्यांनी फेब्रुवारीतल्या एका रविवारी आपला वेग कमी केला, मागे आले आणि मुलाला म्हणाले, 'अरे, एवढ्या लांबून दुप्पट मेहनत कशाला करतोस? आत ये. आणि एक ध्यानात ठेव, आत आलास की पुढेही यावं लागेल.' त्या दिवसापासून तो रांगेत आला.

रांगेत चालायला शिस्त लागते. पुढच्याच्या चाकाला आपले चाक बाजूने समांतर घालायचे नाही. तो जरा हलला की दोघे पडतात आणि मागचे चौघे अंगावर. अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तोच इशारा आणखी मागे द्यायचा. मागून ट्रक आला तर शेवटच्याने ओरडायचे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. पुढच्याला जे दिसते ते मागच्याला दिसत नाही, म्हणून पुढच्याच्या शब्दावर मागच्यांचा जीव असतो. असा भरवसा एका दिवसात बसत नाही. त्यासाठीच शर्यतीच्या आधी दोन-तीन महिने एकत्र चालावे लागते.

या आडोशावरून आम्हाला एक जुनी हकिकत आठवली. ती आम्ही मुलाला अभ्यासिकेत सांगितली, आपल्यालाही सांगतो.

अमेरिकेत मार्शल टेलर नावाचा कृष्णवर्णीय सायकलपटू होऊन गेला. 'मेजर टेलर' या नावाने तो ओळखला जाई. जन्म १८७८ चा, इंडियानापोलिसचा. बाप एका श्रीमंताकडे घोडागाडी हाकणारा. पोरवयात सायकलच्या दुकानापुढे कसरती करून गिऱ्हाईक जमवायचे काम तो करी. अंगावर सैनिकी डगला असे, म्हणून लोक 'मेजर' म्हणू लागले. त्या काळी अमेरिकेतल्या सायकलस्वारांची जी मोठी राष्ट्रीय संघटना होती, तिने १८९४ साली ठराव करून कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केले. १८९८ च्या आरंभी टेलर हंगामापूर्वीच्या सरावासाठी दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरी गेला. उत्तरेत बर्फ, दक्षिणेत उबदार हवा, म्हणून. तिथे रस्त्यावर तीन गोरे एकाच लांब सायकलवर सराव करत होते. टेलर त्यांच्या मागे आडोशाला लागला. त्यांनी मागे वळून सुनावले की काळ्या माणसाला आम्ही आडोसा देत नाही. टेलर त्यांना ओलांडून पुढे गेला आणि त्यांना त्याचा वेग झेपला नाही. लगेच त्याला निनावी पत्र आले. ४८ तासांत शहर सोड, जीव प्यारा असेल तर निघून जा. खाली सही 'गोरे सायकलस्वार'. टेलरला सराव अर्धवट टाकून निघावे लागले. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियल येथे एक मैलाची शर्यत जिंकून तो जगज्जेता झाला.

शर्यतींतही गोरे प्रतिस्पर्धी एकी करून त्याला मध्ये कोंडत, रस्ता अडवत. म्हणजे जी रांग इतरांना आडोसा देई तीच त्याला भिंत होई. तो १९३२ साली शिकागोत गरिबीत वारला. १८९४ ची ती बंदी त्या संघटनेने औपचारिकपणे मागे घेतली ती १९९९ साली, म्हणजे एकशे पाच वर्षांनी. कारकुनी करणाऱ्या आम्हाला ठाऊक आहे की कागदावरची एक ओळ खोडायला किती वेळ लागू शकतो. पण एकशे पाच वर्षे!

टेलरला आडोसा नाकारला गेला. आमच्या मुलाला कुणी नाकारला नव्हता, त्याने तो स्वतःच घेतला नव्हता. हा फरक लहान नाही. दार बंद असते तेव्हा ते उघडायला झगडावे लागते. पण दार उघडे असताना उंबऱ्याबाहेर उभे राहायची सवय आपल्यात कुठून आली, याचा विचार आपण घरोघर केला पाहिजे.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. खरा धडा पुढे आहे.

मार्चच्या एका रविवारी घोळका येवल्याला जाऊन येणार होता. येवले आपल्याला वेगळे सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा तिथलीच. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर. हंगामातला सर्वांत लांबचा पल्ला. आम्ही आमच्या जुन्या स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या, केळी आणि औषधांची पेटी घेऊन मागे होतो.

पहाटे निघालो तेव्हा हवा गार आणि वारा पडलेला. चांदोरी, निफाड, विंचूर. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, खुडणी चाललेली, क्रेट भरलेले टेम्पो. विंचूरच्या पुढे कांद्याचे ट्रॅक्टर. रांग कशी फिरत होती! मुलगाही आपल्या वाट्याला आला की पुढे जाई, बाजूला होई. येवल्याला मुक्तिभूमीवर पोहोचलो, दर्शन घेतले. डॉक्टर, इंजिनिअर सगळे आत आले, शांतपणे बसले. मग चहा-पोहे घेऊन परत फिरलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे दिवस चढतो तसा पश्चिमेकडून वारा सुटतो. नाशिक येवल्याच्या पश्चिमेला. त्यामुळे परतताना वारा थेट छातीवर. ऊन डोक्यावर. अशा वेळी रांगेची खरी परीक्षा. विंचूर मागे पडले तसा मुलगा पुढे आला आणि मग बाजूला व्हायलाच तयार होईना. मागून शिक्षक ओरडले, 'बाजूला हो!' हा ऐकेना. पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे. मागे लाखालाखाच्या सायकली आणि पुढे आमच्या वस्तीचे पोरगे वारा कापतेय. खरे सांगायचे तर स्कूटरवर आमची छाती फुगली होती.

निफाडच्या अलीकडे त्याचा वेग एकदम पडला. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, बोलणे अडखळू लागले. सायकल हलू लागली तसे शिक्षकांनी रांग थांबवली. झाडाखाली बसवले, डोक्यावर, मानेवर पाणी ओतले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले. अर्ध्या तासाने तो सावरला. मग शिक्षक त्याच्याजवळ बसून म्हणाले, 'महिनाभर तू मागे राहून एकट्याने वारा खाल्लास. आज पुढे राहून एकट्याने वारा खाल्लास. दोन्ही एकच. रांगेत तू अजून आलाच नाहीस.'

मुलगा काही बोलला नाही. आम्हीही काही बोललो नाही, पण ते वाक्य आम्हाला आमच्या साऱ्या आयुष्याला लागू वाटले. आपल्या समाजातली मुले शाळेत, कचेरीत, कारखान्यात याच दोन टोकांवर वागताना आम्ही पाहतो. एक तर मागच्या बाकावर, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी. नाही तर दुसऱ्याच्या दुप्पट काम करून, दुपारचा डबा न खाता, रजा न घेता, आपण कमी नाही हे रोज सिद्ध करणारी. या दुसऱ्या प्रकाराचे आपण कौतुक करतो. 'पोरगं झटतंय,' म्हणतो. पण जो माणूस कायम सिद्ध करत राहतो तो निफाडच्या अलीकडे कोसळतो. बरोबरी याचा अर्थ दुसऱ्याइतका आडोसा घेणे आणि दुसऱ्याइतका वारा सोसणे. जास्तही नको, कमीही नको.

त्या दिवशी उरलेला रस्ता त्याने रांगेच्या शेवटी बसून पार केला. वाऱ्याला तोंड दिले ते डॉक्टरांनी, भाजीवाल्याने आणि बँकेतल्या बाईंनी. नाशिकला पोहोचेपर्यंत त्याला कुणी पुढे येऊ दिले नाही.

यानंतर तयारीला शिस्त लागली. ती इतर मुलामुलींच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी आणि गुरुवारी जोराचा सराव, म्हणजे नीट अंग तापवून घेऊन पाच-पाच मिनिटे कसून चालवायचे, मध्ये तितकाच वेळ सावकाश, असे चार वेळा. बाकीचे दिवस सोप्या वेगाने. सोपा वेग कसा ओळखायचा? चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर तो वेग सोपा नव्हे. पुष्कळ मुले रोजच मध्यम जोर लावतात. त्यात शरीर थकते, पण वेग वाढत नाही. कामावर जाण्याचे रोजचे नऊ अधिक नऊ किलोमीटर हाही सरावच आहे, तो फुकट जात नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र जोराचा सराव अजिबात नाही. झोप बुडवून केलेला सराव म्हणजे कर्ज काढून केलेली बचत.

पायडल जड गिअरवर रेटायचे नाही, गुडघे जातात. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत वीस ते बावीस वेळा वर आला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ऐंशी ते नव्वद फेरे होतात. सीटची उंची अशी, की टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला तर तो सरळ व्हावा.

खाण्यासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी पोहे किंवा गूळ-चपाती. तासाभराच्या वर चालवायचे असेल तर दर तासाला एक-दोन केळी किंवा चिक्की. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे पाणी उन्हात औषध आहे. चक्कर, मळमळ, अंगावर काटा, बोलण्यात गोंधळ असे काही वाटले की तिथेच थांबायचे, सावली गाठायची. आराम पडला नाही तर दवाखाना. शर्यत पुन्हा येते. ओळखीच्या दुकानातून मिळणाऱ्या ताकदीच्या पावडरी आणि गोळ्या घेऊ नयेत. त्यात काय मिसळले आहे ते सांगता येत नाही, आणि राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेच्या म्हणजे नाडाच्या चाचणीत दोष आढळला तर खेळाडूवर बंदी येते.

शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मे करायचे, मधूनमधून थोडा जोर लावून पाय जागे ठेवायचे, आणि नवीन काहीही करायचे नाही. नवे टायर नाही, नवे बूट नाही, नवे खाणे नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले, तेव्हा खर्चाचा तक्ता मांडल्याशिवाय कसे राहू? जुनी सायकल ११,००० रुपये, हेल्मेट १,२००, पुढचे-मागचे दिवे ७००, ट्यूब आणि पंक्चरचे सामान ६००, पंप ४५०, गादीची चड्डी ९००. एकूण १४,८५० रुपये. शर्यतीची फी वेगळी. हेल्मेट आणि दिव्यात काटकसर करू नये, बाकी सगळे जुने चालते. चौदा हजार आठशे पन्नास ही रक्कम आपल्या घरांना मोठी आहे. म्हणून मुलाच्या वडिलांनी एका संध्याकाळी आम्हाला विचारले, 'साहेब, यातून पोराला मिळणार काय?'

उत्तर खोटे देऊ नये. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते. पण त्यासाठी कुठल्याही चौकातल्या शर्यतीचे प्रमाणपत्र चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या वरच्या पातळीवरच्या स्पर्धेत स्थान मिळवावे लागते आणि ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. शेकडो मुले पायडल मारतात तेव्हा एखाद्याला ते साधते. म्हणून कॉलेज सोडून सायकल नाही, हे आम्ही मुलाकडून कबूल करून घेतले आहे. नोकरी मिळाली तर उत्तम. न मिळाली तरी पहाटे पाचला उठणारा, दारू-तंबाखूपासून लांब, झोपेची आणि पैशाची किंमत कळलेला मुलगा घराला मिळाला आहे. वडिलांनी मान हलवली. पूर्ण पटले असे वाटले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चेनला तेल घातले, असे मुलगा सांगत होता.

आता दोन गोष्टी आपल्या मंडळींसाठी.

पहिली जयंतीची. जयंतीच्या आधीचे आठ दिवस आपली तरुण पोरे रात्रभर जागून मंडप, कमान, विद्युत रोषणाई करतात. मुलालाही रात्रीचे काम होते. तो नाही म्हणेना; नाही म्हटले तर लोक काय म्हणतील, ही भीती. समितीच्या बैठकीत आम्ही विषय काढला. एक-दोघांनी नाके मुरडली. शेवटी ठरले की शर्यत होईपर्यंत त्याची रात्रीची पाळी बाकीचे चौघे वाटून घेतील आणि शर्यतीनंतर वर्गणीचा हिशेब आणि भोजनदानाची भांडी याची जबाबदारी तो घेईल. आज तुम्ही वारा घ्या, उद्या तो घेईल. रांग हीच असते.

दुसरी गोष्ट बहिणीची. भावाची जुनी साधी सायकल आता तिच्याकडे आहे. रविवारी मलाही न्या, म्हणते. आई म्हणते, 'मुलीची जात, लोक बघतात.' त्या माउलीला आम्ही किटी नॉक्स हिची गोष्ट सांगितली. बॉस्टनची कृष्णवर्णीय तरुणी, शिवणकाम करून पोट भरणारी. ती १८९३ पासून त्याच राष्ट्रीय संघटनेची सभासद होती, म्हणजे बंदीच्या आधीची. १८९५ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्कच्या मेळाव्याला ती आपले सभासद-कार्ड घेऊन गेली, तेव्हा तिला अडवण्याचा प्रयत्न झाला. तिने माघार घेतली नाही, आणि तिचे सभासदत्व वैध असल्याचे संघटनेला मान्य करावे लागले. सायकल चालवताना सोयीचा पोशाख तिने स्वतः शिवला होता. हे ऐकून आई हसली आणि म्हणाली, 'मग मशीन घ्यायलाच हवं होतं.' बहिणीला घोळक्यातल्या बँकेच्या बाईंबरोबर त्र्यंबक रस्त्यावर अर्ध्या वाटेपर्यंत जायची परवानगी मिळाली आहे. हेल्मेटसह.

आमची सूचना अशी, की प्रत्येक वस्तीच्या अभ्यासिकेत किंवा विहारात एक सायकलपेटी ठेवावी. त्यात एक उभा पंप, पंक्चरचे सामान, पान्यांचा संच, चेनचे तेल, एवढेच. दोन-अडीच हजारांत होते. जिन्याखाली गंजणाऱ्या दोन-तीन सायकली दुरुस्त करून त्या मुलींसाठी राखाव्यात. आणि रविवारी सकाळी आपण रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवत असाल, आपल्यात चालक पुष्कळ आहेत, तर सायकलवाल्यांना ओलांडताना हातभर नव्हे, चांगले दीड मीटर अंतर सोडा. त्या घोळक्यात आपलेही पोर असू शकते.

शर्यतीत आमचा मुलगा कितवा येईल, आम्हाला माहीत नाही. पहिल्या दहात आला तर वस्तीत पेढे वाटू. नाही आला तरी त्याला विचारायचा प्रश्न आम्ही ठरवून ठेवला आहे. वाऱ्याला किती वेळ तोंड दिलेस, आणि आडोसा किती वेळ घेतलास? दोन्हींची उत्तरे सारखी आली तर शर्यत सार्थकी लागली असे आम्ही समजू.

जय भीम.